वाहत्या बाइट्सना धुरा कोणी घालायचा?

२०२४ च्या डिसेंबरमधली गोष्ट. कापसाचा हंगाम भरात होता. पांढरकवड्याच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर मी लिहिलेला प्रोग्रॅम चालत होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास काटेवाल्याचा फोन आला, "ताई, एक म्हातारबुवा पावती घ्यायले तयार नाही. तुमीच या." आमच्या गावापासून तिथवर चौदा किलोमीटर. स्कूटी काढली आणि निघाले.

ते म्हातारे बाबा काट्याच्या खोलीच्या खिडकीशी पावती धरून उभे होते. चिडलेले वगैरे नव्हते. मला पाहिल्यावर शांतपणे म्हणाले, "पाह्य माय, त्या लाल आकड्यात चौसष्ट ऐंशी होतं. म्या सोता पाह्यलं. अन् या कागदावर बासष्ट ऐंशी कसं आलं?"

ट्रॅक्टर-ट्रॉली अजून काट्यावरच उभी होती. इंडिकेटरवर, म्हणजे त्या लाल आकड्यांच्या खोक्यावर, ६४८० किलो दिसत होतं. पावतीवर भरती वजन ६२८०. पुन्हा बटण दाबलं तर ६४८० ची पावती निघाली. काटेवाला म्हणाला, "पाहा, आता बरोबर आलं." मला मात्र पोटात गोळा आला. फरक २०० किलोंचा, म्हणजे दोन क्विंटल कापसाचा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. म्हाताऱ्याने खिडकीतून वाकून आकडा पाहिला नसता, तर माझ्या प्रोग्रॅमने त्याचे पंधरा हजार रुपये कागदावरून पुसून टाकले असते.

आणि ६२८० हा आकडा आला कुठून? इंडिकेटरने तो कधी दाखवलाच नव्हता. आधीच्या ट्रॅक्टरचं वजन होतं ६२४०, या ट्रॅक्टरचं ६४८०. ६२८० वजनाचं काही त्या दिवशी काट्यावर चढलंच नव्हतं. त्या रात्री मी झोपले नाही. हा आकडा कसा जन्माला आला ते समजायला मला तीन दिवस लागले. त्यातून ड्रायव्हरबद्दलचं, म्हणजे यंत्राशी बोलून त्याचा डेटा संगणकात आणणाऱ्या प्रोग्रॅमबद्दलचं, माझं एक मत असं पक्कं झालं की आज ते सविस्तर लिहायलाच बसले आहे.

आधी काट्यावर काय घडतं ते सांगते. प्लॅटफॉर्मखाली वजन जाणणारे लोडसेल असतात, त्यांच्या तारा इंडिकेटरमध्ये येतात. इंडिकेटरच्या मागून एक सिरियल केबल संगणकाच्या नऊ पिनांच्या पोर्टात जाते. आमचा इंडिकेटर सेकंदाला दहा वेळा एक ओळ पाठवतो. वजन स्थिर आहे की हलतं आहे ते सांगणारी अक्षरं, मग चिन्ह, मग सहा अंक, किलोचं एकक, आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा. सगळे मिळून १८ बाइट, एका अक्षराला एक. वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला तेवढे बिट. प्रत्येक बाइटला एक स्टार्ट बिट, आठ डेटा बिट आणि एक स्टॉप बिट असे दहा बिट लागतात, म्हणून सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट जातात. १८ बाइटांची ओळ साधारण १९ मिलिसेकंदांत संपते. पुढचे ८१ मिलिसेकंद तार गप्प असते. मग पुढची ओळ.

त्या तारेला स्कोप (तारेतले विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावला की हे डोळ्यांना साफ दिसतं. झुपका, मोकळी जागा, झुपका, मोकळी जागा. कुठलंही पोरगं बोट ठेवून सांगेल की इथे एक निरोप संपला आणि इथे दुसरा सुरू झाला. म्हणजे इंडिकेटर पॅकेटमध्येच बोलतो. त्याच्या एका ओळीला अर्थ आहे, अर्ध्या ओळीला काडीचाही नाही.

पण संगणकाच्या आत शिरताच ती मोकळी जागा सगळ्यात आधी हरवते. पोर्टामागची यूएआरटी, म्हणजे तारेवरच्या बिटांचे बाइट करणारी, चिप फक्त बाइट ओळखते. १६५५० जातीच्या चिपमध्ये १६ बाइटांचा छोटा साठा असतो. तो ठरलेल्या पातळीपर्यंत भरला, किंवा चार अक्षरांइतका वेळ नवीन काही आलं नाही, की ती कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हाक मारते. ड्रायव्हर हाताला लागतील तेवढे बाइट उचलून टीटीवायच्या, म्हणजे कर्नेलमधल्या टर्मिनल-व्यवस्थेच्या, बफरात (तात्पुरत्या साठ्यात) ओततो, तिथून ते वाचणाऱ्या प्रोग्रॅमकडे जातात. ८१ मिलिसेकंदांचं मौन या प्रवासात कुठेच नोंदलं जात नाही. सुटा कापूस गोदामात ओतल्यावर कुठला ढीग कोणत्या ट्रॉलीतून आला हे जसं कोणी सांगू शकत नाही, तसं.

हीच बाइट-प्रवाहाची कल्पना. १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवली, तेव्हा फाइल, टर्मिनल, प्रिंटर सगळ्यांना एकाच साच्यात बसवलं: बाइटांची रांग, मागशील तेवढे देईन, कमीही देऊ शकतो. १९७३ मध्ये एका प्रोग्रॅममधून निघालेलं दुसऱ्यात सोडणारे पाइप आले तेही याच साच्यातले. त्याआधीच्या मोठ्या यंत्रांवर ८० रकान्यांची कार्डं आणि रेकॉर्डांचे ठरलेले आकार यांत माणसं जखडलेली असायची. त्या जाचातून या कल्पनेनं सोडवलं, हे मी मनापासून मानते. आमच्या त्याच काट्याच्या खोलीत, त्याच टेबलावर पावती छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. त्याला बाइट-प्रवाह अगदी शोभतो. त्याला पावती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली याच्याशी देणंघेणं नाही. बाइट क्रमानं आले की तो छापत जातो. मी एक ओळ एका दमात पाठवली काय आणि सात तुकड्यांत पाठवली काय, कागदावर तेच उमटतं. एकाच टेबलावरच्या दोन केबली. एकीत प्रवाह हे पूर्ण सत्य, दुसरीत ते सत्यावर टाकलेलं पांघरूण.

माझी पहिली चूक तर अगदी बाळबोध होती, आणि ती हंगामाच्या आधीच सापडली होती. मी असं धरलं होतं की रीडची, म्हणजे बाइट मागायच्या आज्ञेची, एक हाक मारली की एक ओळ मिळते. घरी तपासताना तसं होतही होतं, कारण घरी खरा काटा नव्हता. मी इंडिकेटरचं सोंग घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो आभासी टर्मिनलमधून १८ बाइट एका दमात लिहायचा. एका दमात लिहिलेलं पलीकडे एका दमात यायचं. खऱ्या तारेवर मात्र कधी आठ बाइट, मग दहा, कधी चौदा आणि चार. पहिल्याच दिवशी आकडे वेडेवाकडे दिसले, मी तुकडे जोडून ओळ संपल्याची खूण शोधायला लागले, काम भागलं. नेटवर्कवरून डेटा पाठवायला टीसीपी ही पद्धत वापरणारी नवी पोरंही हमखास हीच चूक करतात. एकदा पाठवलं म्हणजे एकदाच मिळणार, असं समजतात. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीत तसं असतं, टीसीपीत नाही. यावर जास्त लिहीत नाही, ही चूक लवकर उघडी पडते आणि म्हणून फारसं नुकसान करत नाही.

नुकसान करणारी चूक दुसरी.

माझा प्रोग्रॅम पोर्ट उघडून बसायचा, पण वाचायचा फक्त काटेवाल्याने बटण दाबल्यावर. बटण दाबलं की आधी साठलेलं सगळं उपसून टाकायचं, कारण ते जुनं वजन. मग जी पहिली ओळ पूर्ण होईल ती ताजी, ती घ्यायची. उपसताना शेवटी एखादी अर्धी ओळ हातात उरायची. ती मी फेकत नव्हते, पुढच्या बाइटांशी जोडत होते. अर्धी ओळ फेकणं म्हणजे माहिती वाया घालवणं, असं मला वाटलं होतं. विचार चुकीचा वाटत नाही ना? मलाही वाटला नव्हता. ओळीची लांबी तपासत होते, १८ नसेल तर नाकारत होते. वरून सगळं चोख.

आता हिशेब करा. सेकंदाला दहा ओळी, १८० बाइट. कोणी वाचत नसेल तर ते कर्नेलच्या साठ्यात जमत जातात. त्या जुन्या कर्नेलात हा साठा ६४ केबीच्या आसपासचा. म्हणजे सहा मिनिटांत भरतो. भरल्यावर येणारे बाइट सांडतात. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कोणी वर्दी देत नाही. प्रवाहात भोक पडलं आहे हे प्रवाहातच लिहिलेलं नसतं, कडेचे बाइट एकमेकांना चिकटून उभे राहतात.

त्या दिवशी यार्डात गाड्या अडल्या होत्या. आधीचा ट्रॅक्टर वजन होऊनही काट्यावरच थांबला होता, सहा मिनिटांच्या वर. साठा भरला तेव्हा काट्यावर ६२४० होतं. भरायची शेवटची जागा नेमकी एका ओळीच्या मधोमध आली: चिन्ह, शून्य, शून्य, सहा, दोन. इथे साठा संपला. मग तो ट्रॅक्टर उतरला, बाबांचा चढला, सगळे बाइट सांडत गेले. काटेवाल्याने बटण दाबलं. मी सगळं उपसलं, हातात उरलं ते ‘००६२’ पर्यंतचं अर्धं तोंड. साठा रिकामा होताच तारेवरून येणारे बाइट पुन्हा आत यायला लागले, आणि त्या क्षणी तारेवर चालू होती ६४८० ची ओळ, अर्धी होऊन गेलेली. पहिले दोन बाइट आले ते आठ आणि शून्य. मग किलो. मग ओळ संपल्याची खूण.

००६२ आणि ८०. लांबी बरोबर १८. चिन्ह जागेवर, एकक जागेवर, ‘स्थिर’ असं सांगणारी अक्षरंही जागेवर, फक्त ती आधीच्या ट्रॅक्टरबद्दल होती. एकाचं तोंड आणि दुसऱ्याची शेपूट शिवून तिसरंच जनावर उभं राहिलं, आणि ते इतकं खरं दिसत होतं की माझ्या सगळ्या तपासण्या त्याला वाट देत गेल्या.

ही चूक गर्दीच्या दिवशी येतच नाही. सहा मिनिटांच्या आत पुढची गाडी आली की साठा भरत नाही, भोक पडत नाही. काम मंदावलं, गाडी अडली, तेव्हाच येते. त्यातही शिवण १८ पैकी एखाद्या जागीच घातक पडते. एक जागा अलीकडे पडली असती तर ‘००६’ आणि ‘४८०’ जुळून उत्तर योगायोगानं बरोबर आलं असतं. मी गर्दीतच तपासलं होतं. गर्दीत टिकलं तर निवांत वेळेला टिकेलच, असा माझा समज होता.

काटेवाला जुना माणूस. तो संगणकावर विसंबून न राहता इंडिकेटरचा आकडा रजिस्टरात हाताने लिहीत असे. मी ते रजिस्टर घेऊन तीन आठवड्यांच्या पावत्या त्याच्याशी ताडून पाहिल्या. आणखी एक पावती चुकलेली निघाली, तिच्यात शेतकऱ्याला ३० किलो जास्त लागले होते. जिनिंगच्या मालकाला मी दोन्ही दाखवल्या आणि चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे हे सांगितलं. त्या रजिस्टरचे मी आजही उपकार मानते.

आता मुद्द्यावर येते. शिवलेली ओळ कुठे पकडता आली असती? टर्मिनलच्या ओळ-पद्धतीत, म्हणजे कर्नेलच ओळी तोडून एकेक हातात देतो त्या पद्धतीत, चालवलं असतं तर? मीही आधी तेच म्हटलं. पण नाही. कर्नेलचं ओळी तोडायचं काम त्या साठ्याच्या नंतर होतं. सांडणं आधी होऊन गेलेलं असतं. त्यालाही ००६२८० हीच ओळ दिसली असती आणि त्यानं ती इमानदारीनं मला दिली असती.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे: हद्द आखायची ती सांडण्याच्या जागेच्या आधी. आमच्याकडे दोन वावरांच्या मधल्या बांधाला धुरा म्हणतात. धुरा पेरणीआधी असावा लागतो. पीक उभं राहिल्यावर दोन भाऊ मधोमध उभे राहून ‘हे तास तुझं की माझं’ करू लागले की त्याचा निवाडा होत नाही, भांडण तेवढं होतं. यंत्र जर निरोपांत बोलत असेल, तर जो साठा भरून वाहू शकतो त्याच्या आत बाइट पडण्यापूर्वी निरोपाला धुरा घातलेला हवा. मग सांडलं तरी आख्खा निरोप सांडतो. नऊशे ओळींपैकी चाळीस गेल्या तरी उरलेल्या आठशे साठ खऱ्या असतात. अर्धी इकडची आणि अर्धी तिकडची अशी ओळ तयारच होऊ शकत नाही.

युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्समध्ये हे नीट केलेली उदाहरणं आहेत. कळफलक आणि माउसच्या घटना प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवणारी ईव्हीडेव्ह नावाची व्यवस्था बघा. तिथे रीड केलं की पूर्ण घटनाच मिळतात, अर्धी घटना कधी मिळत नाही. एका हालचालीच्या सगळ्या घटना संपल्या की ‘सिन रिपोर्ट’ नावाची खूण येते. आणि मला सगळ्यात आवडते ती दुसरी खूण, ‘सिन ड्रॉप्ड’. वाचणारा मागे पडला, साठा भरला, घटना टाकून द्याव्या लागल्या, तर कर्नेल प्रवाहातच लिहून ठेवतो: इथे सांडलं आहे, पुढच्या रिपोर्टपर्यंतचं धरू नकोस, यंत्राची सद्यस्थिती नव्याने विचार. माझ्या काट्याला हीच एक ओळ मिळाली असती तर बाबांना खिडकीशी उभं राहावं लागलं नसतं.

याच्या उलट उदाहरण जुन्या गोल पिनेच्या पीएस/२ माउसचं. त्याची प्रत्येक हालचाल तीन बाइटांची. एक बाइट हरवला की दुसरा पहिला होतो, तिसरा दुसरा होतो, आणि बाण पडद्याच्या कोपऱ्यात उडी मारतो. मी डिप्लोमा करत होते तेव्हा लॅबमध्ये हे रोज बघितलं आहे, माउस खराब झाला म्हणून आम्ही तो बदलून घ्यायचो. पहिल्या बाइटातला एक बिट नेहमी १ असतो. ड्रायव्हर त्यावरून ताल सुटल्याचं ओळखायचा प्रयत्न करतो आणि लॉगमध्ये लिहितो की माउसचा ताल सुटला, एक बाइट फेकत आहे. पण तो बिट दुसऱ्या-तिसऱ्या बाइटातही योगायोगानं १ असू शकतोच. तीन बाइटांत धुऱ्यासाठी फक्त एक बिट ठेवला की असंच होणार.

आणखी एक, आणि हे मला फार बोलकं वाटतं. गाड्यांमध्ये, नव्या ट्रॅक्टरांमध्येही, भाग एकमेकांशी कॅन बस नावाच्या सामायिक तारेवरून बोलतात. कॅनची फ्रेम, म्हणजे एक निरोप, लहान, जुन्या पद्धतीत जास्तीत जास्त आठ डेटा बाइट. लिनक्समध्ये आधी कॅनचे ड्रायव्हर कॅरॅक्टर डिव्हाइस म्हणून लिहिले जात, म्हणजे सिरियल पोर्टाच्याच भावकीत. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, कार्ड बदललं की प्रोग्रॅम बदला. मग सॉकेटकॅन आलं, २००८ मध्ये २.६.२५ कर्नेलात लिनक्सच्या मुख्य कोडात शिरलं, आणि त्यानं कॅनला नेटवर्क कार्डांच्या पंगतीत बसवलं. रांगा, गाळण्या, एकाच वेळी अनेक वाचणारे, हे सगळं नेटवर्कच्या बाजूला आधीच तयार होतं, कारण तिथे मुळापासून एकक पॅकेट हेच. यंत्राचं एकक आणि ड्रायव्हरचं एकक जुळलं की किती ओझं आपोआप उतरतं, ते तिथे दिसतं.

यूएसबीबद्दल सांगायलाच हवं, कारण हल्ली नऊ पिनांचा पोर्ट सहसा मिळत नाही आणि सगळे यूएसबी-सिरियल केबल लावतात. यूएसबी तर मुळातच पॅकेटचं. मग धुरा फुकटात मिळाला म्हणायचा का? मी आनंदाने तसंच समजले होते. पण ती पॅकेटं इंडिकेटरची नसतात, केबलमधल्या चिपची असतात. एफटी२३२ जातीच्या चिपमध्ये ६४ बाइटांच्या पॅकेटात पहिले दोन बाइट स्थितीचे, उरलेले ६२ डेटाचे. ६२ जमले नाहीत तर मूळ ठरावानुसार १६ मिलिसेकंद वाट बघून जे असेल ते पाठवायचं. आमची ओळ १९ मिलिसेकंदांची! म्हणजे चिप बरेचदा ओळीच्या मध्येच पॅकेट बंद करते. हा धुरा आहे, पण शेजाऱ्याच्या वावरातला. तो आपला मानणं हे धुरा नसण्यापेक्षा जास्त फसवं, कारण एरवी तुम्ही सावध तरी असता.

सौर पंपाच्या कंट्रोलरवर हेच पुन्हा भेटलं. तिथे मॉडबस आरटीयू चालतं, यंत्रांनी एकमेकांशी बोलायची १९७९ पासूनची पद्धत. तिच्यात फ्रेमच्या सुरुवातीची किंवा शेवटाची खूण अशी काही नसतेच. साडेतीन अक्षरांइतकं मौन म्हणजेच हद्द. ९६०० बॉडला ११ बिटांच्या अक्षराने ते होतं चार मिलिसेकंद. वेळ हाच धुरा, आणि टीटीवायचा प्रवाह नेमका वेळच गाळून टाकतो. वर यूएसबीचे १६ मिलिसेकंद. चार मिलिसेकंदांचं मौन त्याच्या पलीकडून ऐकू येणं शक्यच नाही. म्हणून तिथे मी मौनाच्या भानगडीत पडत नाही. मी मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारी बाजू आहे, काय विचारलं ते मला माहीत आहे, म्हणून उत्तर किती बाइटांचं येणार हेही माहीत आहे. तेवढे मोजायचे आणि शेवटचे दोन बाइट सीआरसीचे, म्हणजे आधीच्या बाइटांवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याचे, ते जुळले तरच खरं मानायचं. सीआरसीमुळे शिवलेलं जनावर तिथे जवळजवळ नेहमीच पकडलं जातं. काट्याच्या इंडिकेटरला तेवढे दोन बाइट असते तर हा लेख लिहावा लागला नसता. पंधरा-वीस टनांचं वजन सांगणाऱ्या ओळीला दोन बाइटांची राखण नसावी, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग मी काय केलं? वाचणारा वेगळा काढला. तो कायम चालतो, बटणाची वाट बघत नाही, तारेवरचं सतत उचलत राहतो, त्यामुळे कर्नेलचा साठा कधी भरतच नाही. चालू होताना पहिली अर्धवट ओळ तो फेकून देतो. मधे बाइट येणं लांबलं, एका ओळीला ४० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले, तर हातातलं सगळं फेकून पुढच्या ओळीपासून सुरुवात करतो. प्रत्येक पूर्ण ओळीचा एक रेकॉर्ड करतो: वजन, स्थिर की नाही, वेळ, अनुक्रमांक. पावतीचा प्रोग्रॅम या वाचणाऱ्याशी अशा सॉकेटवर (दोन प्रोग्रॅममधल्या दुव्यावर) जोडला आहे जो क्रमही राखतो आणि हद्दही राखतो, लिनक्समध्ये त्याला सेकपॅकेट म्हणतात. एक वाचन, एक रेकॉर्ड. अनुक्रमांक मधे तुटला तर लगेच कळतं. सलग तीन रेकॉर्ड स्थिर आणि सारखे असतील तरच पावती.

हे कर्नेलमध्ये करायला हवं होतं का? माझ्या ओळखीच्या एका मुलानं फार आग्रह धरला होता. मी एका छोट्या बोर्डावर करूनही पाहिलं, सर्डेव्ह वापरून. २०१७ मध्ये ४.११ कर्नेलात आलेली ही सोय. सिरियल तारेच्या टोकाला असलेल्या यंत्राचा ड्रायव्हर त्यात थेट लिहिता येतो. बाइट आले की तुमच्या फंक्शनला हाक येते आणि तुम्ही सांगता, मी इतके वापरले, उरलेले नंतर दाखव. स्वच्छ वाटतं. पण काट्यासाठी मला गरज पटली नाही. सेकंदाला १८० बाइटांसाठी कर्नेलात शिरणं म्हणजे उंदीर मारायला ट्रॅक्टर आणणं. सतत वाचणारा बाहेर असला तरी चालतो, अट एकच, त्याच्या आणि तारेच्या मधला साठा भरता कामा नये.

तिथे एक प्रश्न मात्र असा भेटला ज्यावर मी बराच वेळ अडले. रेकॉर्ड देणाऱ्या ड्रायव्हरकडे कोणी रेकॉर्डपेक्षा लहान भांडं, म्हणजे वाचलेलं ठेवायची जागा, घेऊन आलं तर काय करायचं? यूडीपी जेवढं मावेल तेवढं देतो आणि उरलेलं फेकतो. विचारलं तरच सांगतो की कापलं गेलं. लिनक्सचा डेटा साठवायच्या चुंबकीय टेपचा ड्रायव्हर सरळ चूक परत करतो: भांडं लहान आहे. तिसरा मार्ग उरलेलं पुढच्या वाचनात देण्याचा, म्हणजे पुन्हा प्रवाह, पुन्हा तीच शिवण. मी टेपची वाट धरली. वजनाच्या बाबतीत अर्धवट देण्यापेक्षा नाही म्हणणं मला बरं वाटतं. माझ्या ड्रायव्हरनं वजनाचा अर्धा आकडा कोणाच्याही हाती कधीही देऊ नये.

बाबा त्यानंतरही दोनदा आले, एकदा संक्रांतीच्या आधी आणि एकदा फरदडीचा कापूस घेऊन. दुसऱ्या वेळी मी काट्यावरच होते. त्यांनी खिडकीतून लाल आकडा बघितला, पावती हातात घेतली, चष्मा वर करून दोन्ही आकडे ताडले आणि विचारलं, "थे काय होतं माय, सापडलं का?" मी त्यांना दोन पावत्या दाखवून समजावलं की आधीच्या गाडीचं तोंड आणि तुमच्या गाडीची शेपूट जुळली होती. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हंजे मधात धुरा नोता." हा शब्द या लेखात आला तो तिथून.

यंदा दसऱ्यानंतर वणीकडच्या एका काट्याचं काम घेतलं आहे. तिथला इंडिकेटर आणखी जुना. त्याच्या ओळीला सुरुवातीची खूण नाही, स्थिर-अस्थिरची अक्षरं नाहीत, नुसते आकडे आणि मधे मौन. पहिले दोन दिवस मी एकही पावती छापणार नाही. केबल लावून तारेवरचा प्रत्येक बाइट त्याच्या वेळेसह नोंदत बसणार आहे, गर्दीच्या वेळीही आणि दुपारी काटा रिकामा असतानाही.